षट्काय जयणा आणि हरित अंतर्गत सजावटीची परीक्षा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत युवक-युवती व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मसुदा)

 

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टची स्थापना झाली, तेव्हा समाजातील मुलांसमोर दोनच वाटा असत. वडिलांची गादी सांभाळणे, अथवा हिशेबाचे शिक्षण घेऊन चार्टर्ड अकाउंटंट होणे. मुलींच्या शिक्षणाचा विचार तर विवाह जमेपर्यंतच होत असे. आज परिस्थिती पालटली आहे. आपल्या कन्या नाना क्षेत्रांत शिरल्या आहेत आणि त्यांतील अनेकींनी इंटिरिअर डिझाइन, म्हणजे अंतर्गत सजावट, हा विषय निवडला आहे. हा विषय निघाला की ज्येष्ठांच्या मनात दोन शंका येतात. पहिली, हे शिक्षण म्हणजे श्रीमंतांचा शौक तर नव्हे? दुसरी अधिक गंभीर. चांगली भिंत फोडायची, चांगले फर्निचर फेकायचे आणि नवे आणायचे, या आरंभ-समारंभात आपल्या धर्माचे काय राहिले?

या दोन्ही शंकांना एका परीक्षेच्या तयारीतून उत्तर मिळू शकते, हे आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

प्रथम परीक्षेचा परिचय. अमेरिकेत १९९३ साली ‘यू.एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. इमारतींच्या पर्यावरणीय गुणवत्तेचे मोजमाप करण्यासाठी तिने ‘लीड’ ही मानांकन पद्धती तयार केली. ‘लीडरशिप इन एनर्जी अँड एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन’ या नावाची ती आद्याक्षरे. भारतात भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ साली ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ स्थापन झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या वास्तूला लीडचे सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ मानांकन मिळाले आणि १४ जुलै २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. भारतीय संस्थेचीही ग्रीन इंटिरिअर्ससाठी स्वतःची मानांकन पद्धती आहे. तथापि आज विचार करावयाचा आहे तो लीडच्या अंतर्गत सजावट शाखेतील परीक्षेचा. ‘लीड ए.पी., इंटिरिअर डिझाइन अँड कन्स्ट्रक्शन’ असे तिचे नाव आहे.

या परीक्षेस बसण्यापूर्वी ‘ग्रीन असोसिएट’ ही पायाभूत परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. दोन्ही परीक्षा एकत्र देण्याचीही सोय आहे. मुख्य परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. गुणांची पट्टी १२५ ते २०० अशी असून १७० गुणांना उत्तीर्ण समजतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. परीक्षा संगणकावर होते आणि संपताच निकाल पडद्यावर दिसतो. एकदा उत्तीर्ण झाले की काम संपले असेही नाही. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत ३० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. लीडची चौथी आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पाचवी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाली. पुढे येणारे सर्व आकडे चौथ्या आवृत्तीचे आहेत. नव्या विद्यार्थ्याने आपली परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे, हे परीक्षार्थींसाठीच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे आणि मगच अभ्यासास बसावे.

आता एका कन्येची कथा. ती समाजातील असल्याने नाव न घेणेच उचित. मराठी माध्यमात शिकलेली, पदविका घेतलेली, वडिलांचे प्लायवूड-सनमायकाचे दुकान. तिने या परीक्षेचा ध्यास घेतला. घरी कोणी विरोध केला नाही, पण उत्साहही दाखवला नाही. वडील म्हणाले, “बेटा, घरे सजवायला अमेरिकेचा शिक्का कशाला?” तरी शुल्क भरले. तिने चार महिने आकडे पाठ केले. किती लिटर, किती टक्के, किती फूट, सगळे मुखोद्गत. परीक्षा दिली आणि पडद्यावर गुण आले १६१. नऊ गुण कमी पडले. मुलगी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. शुल्क गेल्याचे दुःख होतेच, पण “आम्ही म्हणत नव्हतो?” असे कोणी म्हणेल याची भीती त्याहून मोठी होती.

त्या वेळी तिची आजी तिच्याजवळ जाऊन बसली. आजी जुन्या वळणाची, चौथी शिकलेली, नित्य सामायिक करणारी. तिने विचारले, “बाळ, त्या परीक्षेत विचारतात तरी काय?” मुलीने सांगण्याचा प्रयत्न केला. पाणी कमी कसे वापरावे, वीज कशी वाचवावी, खोलीतील हवा शुद्ध कशी ठेवावी, लाकूड कोठून आणावे, दगड-चुन्याचा कचरा कोठे न्यावा. आजी क्षणभर थांबून म्हणाली, “अगं, मग ही तर षट्काय जीवांची जयणा झाली. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस. पाठशाळेत लहानपणी शिकलीस तेच.”

बंधू-भगिनींनो, या एका वाक्याने त्या मुलीच्या अभ्यासाची घडी बसली. विखुरलेल्या आकड्यांना सहा कप्पे मिळाले. ते कप्पे आपणही पाहू.

व्यापारी कार्यालयाच्या अंतर्गत सजावटीस एकूण ११० गुण असतात. ४० गुणांना प्रमाणित, ५० ला रौप्य, ६० ला सुवर्ण आणि ८० ला प्लॅटिनम अशा पायऱ्या. यांपैकी ऊर्जेस ३८, स्थान व वाहतुकीस १८, घरातील हवा-प्रकाशादी पर्यावरणास १७, साहित्यास १३ आणि पाण्यास १२ गुण. उरलेले १२ नवकल्पना, प्रादेशिक अग्रक्रम व एकात्मिक नियोजन यांना. ज्या विषयास अधिक गुण, त्यास अधिक वेळ द्यावा, हे व्यापाऱ्याच्या मुलीला शिकवावे लागत नाही. तरी पहिल्या वेळी तिने सर्व प्रकरणांना सारखेच दिवस दिले होते.

अप्काय, म्हणजे पाणी. आपल्या घरी पाणी गाळून घेण्याची आणि गाळण्यात उरलेले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची पद्धत होती. थेंबाचाही हिशेब होता. परीक्षेतही हिशेबच आहे. समजा, एका कार्यालयात २० स्त्रिया आणि २० पुरुष आहेत. पद्धतीनुसार स्त्री दिवसातून ३ वेळा कमोड वापरते, पुरुष १ वेळ कमोड आणि २ वेळा मुतारी, असे धरतात. मूळ मापात कमोडला दर वेळी ६ लिटर आणि मुतारीला ३.८ लिटर पाणी. म्हणजे स्त्रियांचे ३६०, पुरुषांचे १२० आणि १५२, एकूण ६३२ लिटर. आता ४.८ लिटरचा कमोड आणि १.९ लिटरची मुतारी बसवली, तर २८८, ९६ आणि ७६ मिळून ४६० लिटर. रोज १७२ लिटर वाचले, म्हणजे सुमारे २७ टक्के. वर्षात कामाचे २६० दिवस धरले तर ४४,७२० लिटर पाणी एका लहानशा कार्यालयात वाचते, आणि कोणालाही तहानलेले राहावे लागत नाही. नळांचा हिशेबही असाच मांडतात. किमान २० टक्के बचत ही पूर्वअट आहे.

‘पूर्वअट’ हा शब्द येथे नीट समजून घ्यावा. पूर्वअटीला गुण मिळत नाहीत. परंतु एकही पूर्वअट मोडली तर बाकीचे कितीही गुण मिळवले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. मुलीचा येथेच गोंधळ होत असे. आजीच्या दृष्टांताने तो सुटला. पूर्वअटी म्हणजे श्रावकाचे मूलगुण आणि गुण देणारी प्रकरणे म्हणजे उत्तरगुण. मूलगुण नसतील तर उत्तरगुणांना काय अर्थ?

तेजस्काय, म्हणजे ऊर्जा. येथे दिव्यांच्या विजेचा वापर, वातानुकूलन, मोजणी यांचा विचार आहे. सर्वांत मोठा बोध ‘कमिशनिंग’ या पूर्वअटीत आहे. यंत्र बसवले एवढ्यावर न थांबता, ते ठरल्याप्रमाणे चालते की नाही याची कागदोपत्री तपासणी करणे म्हणजे कमिशनिंग. ओझोनच्या थरास घातक असे सी.एफ.सी. वायू नव्या वातानुकूलन यंत्रात वापरायचे नाहीत, ही दुसरी पूर्वअट.

पृथ्वीकाय आणि वनस्पतिकाय, म्हणजे साहित्य. येथे ज्येष्ठांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मिळते. नवे आणण्यासाठी गुण आहेत, पण जुने टिकवण्यासाठीही आहेत. आतील भिंती, छत, जमीन यांच्या क्षेत्रफळापैकी किमान ५० टक्के भाग पुन्हा वापरला, अथवा फर्निचरच्या एकूण किमतीपैकी किमान ३० टक्के फर्निचर जुनेच ठेवले, तर त्याची नोंद गुणांत होते. कामाच्या कचऱ्यापैकी ५० किंवा ७५ टक्के कचरा वेगवेगळा करून भरावाऐवजी पुनर्वापरास पाठवला तर त्याचेही गुण. नवे लाकूड घ्यायचेच असेल तर जबाबदारीने जोपासलेल्या वनातील घ्यावे, आणि जंगलापासून सुताराच्या हातापर्यंत प्रत्येक टप्प्याचा दाखला असावा. बिल आणि चलन यांशिवाय माल न घेणाऱ्या व्यापाऱ्याला ही साखळी परकी वाटू नये. निष्कारण हिंसा टाळणे, हेच आपले अनर्थदंड-विरमण व्रत. घर सजवणे थांबत नसेल, तर त्यातील निरर्थक तोडफोड तरी थांबावी.

वायुकाय, म्हणजे खोलीतील हवा. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, रंग, चिकटवण्याचे गोंद, सुरकुत्या न पडणारे पडद्यांचे कापड, यांतील अनेक वस्तू प्रक्रियेत वापरलेली रसायने पुढे कित्येक दिवस हवेत सोडत राहतात. त्यांपैकी फॉर्मल्डिहाइड या वायूची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवी कर्करोगाच्या कारणांत केली. ‘नव्या सामानाचा वास’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यात हा वायू असू शकतो. म्हणून नवे काम झाले की माणसे बसवण्यापूर्वी बाहेरच्या हवेने ती जागा धुऊन काढावी असे सांगितले आहे. प्रमाण आहे दर चौरस फुटास १४,००० घनफूट हवा.

या ठिकाणी परीक्षा कशी विचार करायला लावते ते पाहावे. १,००० चौरस फुटांचे कार्यालय आहे. लागणारी हवा १ कोटी ४० लाख घनफूट. पंखा मिनिटाला १,००० घनफूट बाहेरची हवा आणतो. म्हणजे १४,००० मिनिटे, अखंड चालला तरी पावणेदहा दिवस. मालकाला मात्र चार दिवसांत कामकाज सुरू करायचे आहे. आकडा पाठ असणारा विद्यार्थी म्हणेल, अशक्य. नियम समजलेला विद्यार्थी म्हणेल, दर चौरस फुटास ३,५०० घनफूट हवा दिल्यावर, म्हणजे सुमारे अडीच दिवसांनी, ठराविक वेगाने शुद्ध हवा चालू ठेवण्याच्या अटीवर कामकाज सुरू करता येते, आणि उरलेली हवा पुढे पूर्ण करायची असते. शिवाय आतील आर्द्रता ६० टक्क्यांहून अधिक नसावी अशी अट आहे. आपल्याकडे जुलै महिन्यात हे काम काढले तर खिडक्या उघडून भागणार नाही, हेही त्याच्या लक्षात यावे लागते. पहिल्या परीक्षेत मुलीचे जे गुण गेले, ते अशाच प्रश्नांत गेले. आकडा ठाऊक होता, पण तो कोठे लावायचा हे ठाऊक नव्हते.

सहावा त्रसकाय, म्हणजे त्या जागेत वावरणारी माणसे. त्यांना दिवसाचा उजेड मिळावा, बाहेरचे दृश्य दिसावे, आवाजाचा त्रास न व्हावा, कोणाच्या धूम्रपानाचा धूर न पोहोचावा. आणि स्थान व वाहतूक हे प्रकरण आजीने ईर्यासमितीत घातले. बसथांबा पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या, आणि रेल्वेस्थानक अर्ध्या मैलाच्या पायी अंतरात असावे, असा त्यातील विचार आहे. जेथे चालत जाता येते तेथे वाहन नको.

आता अभ्यासपद्धती. दुसऱ्या वेळी मुलीने रोज दोन बैठका ठरवल्या, प्रत्येक बैठक एका सामायिकाएवढी, ४८ मिनिटांची. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. मूळ मार्गदर्शक ग्रंथातील एक प्रकरण वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि तेच मराठीत आजीला समजावून सांगायचे. जे आजीला समजले नाही ते स्वतःलाही समजले नाही, असे मानायचे. इंग्रजीची भीती याच मार्गाने गेली, कारण अर्थ आपल्या भाषेत पक्का झाला की परक्या भाषेतील शब्द ओळखीचे वाटू लागतात. शेवटच्या महिन्यात सराव-परीक्षा, घड्याळ लावून.

रात्री चुकांची वही. प्रतिक्रमणात दिवसभरातील दोष आठवतात, तसे प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर तिने कारण लिहिले. ठाऊक नव्हते, की प्रश्न नीट वाचला नाही, की घाई केली? महिनाभराने बेरीज केली, तेव्हा निम्म्याहून अधिक चुका अज्ञानाच्या नव्हत्या, न वाचण्याच्या होत्या. प्रश्नात ‘पूर्वअट’ विचारली असता ती गुणांचे उत्तर देत होती. जो आपल्या चुका मोजत नाही, तो तीच चूक पुन्हा करतो.

या काळात घरात आणखी एक घटना घडली. मुलीने एके दिवशी दुकानात जाऊन वडिलांना विचारले, “पप्पा, या बोर्डमधून फॉर्मल्डिहाइड किती सुटते, याचा दाखला आहे का आपल्याकडे?” तीस वर्षे तोच माल विकणारे वडील निरुत्तर झाले. गोदामात गेले की डोळे चुरचुरतात, हा अनुभव रोजचा होता, पण प्रश्न कधी पडला नव्हता. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला विचारले. काहींनी दाखले दिले, काहींनी हसण्यावारी नेले. आज त्यांच्या दुकानात दाखल्याचा माल वेगळा ठेवतात. तो थोडा महाग पडतो, आणि काही गिऱ्हाईके त्यामुळे दुसऱ्या दुकानी गेलीही आहेत. वडिलांनी ते मान्य केले. ज्या मालाबद्दल लेकीच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तो माल दुसऱ्याच्या लेकराच्या खोलीत कसा पाठवायचा, असे ते म्हणतात.

दुसऱ्या वेळी तिला १७८ गुण मिळाले.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे प्रमाणपत्र नोकरीची हमी नव्हे आणि धर्माचरणाचा दाखला तर मुळीच नव्हे. मानांकन मिळवूनही माणूस अनावश्यक परिग्रह करू शकतो. गुण मोजणारी पद्धत ‘हे बांधूच नका’ असे क्वचितच सांगते. ते आपल्या परिग्रह-परिमाण व्रताने सांगायचे. शास्त्रातील जयणा आत्म्याच्या कल्याणासाठी आहे आणि परीक्षेतील जयणा व्यवहारासाठी. दोन्ही एक नव्हेत. पण पाठशाळेत ज्याला पहिली समजली, त्याला दुसरी परकी वाटत नाही, एवढे मात्र निश्चित.

शेवटी आपल्या ट्रस्टशी निगडित गोष्ट. सुवर्णमहोत्सवानिमित्त अतिथिगृहाच्या नूतनीकरणाचा ठराव झाला, तेव्हा सागवानी कपाटे आणि बाके काढून नवे फर्निचर घेण्याचे ठरले होते. या कन्येने समितीपुढे नम्रपणे एकच प्रश्न ठेवला, “यांतील किती खरोखर मोडली आहेत?” मोजणी झाली. मोडलेली थोडीच निघाली. बाकीची घासून, दुरुस्त करून तेथेच ठेवली आहेत. ज्या पूर्वजांनी ती दान दिली, त्यांची नावे त्यांवर आजही वाचता येतात.

विश्वस्त मंडळास एक विनंती आहे. पाठ्यपुस्तके व महाविद्यालयीन शुल्कासाठी ट्रस्ट साहाय्य करतोच. अशा व्यावसायिक परीक्षांच्या शुल्कासाठीही शिक्षण निधीतून परतफेडीच्या बोलीवर रक्कम द्यावी, आणि पहिल्या प्रयत्नात अपयश आलेल्या विद्यार्थ्यासही ती पुन्हा मिळावी. दुसऱ्या प्रयत्नाला आधार कमी लाभतो आणि त्याची गरज अधिक असते. पालकांना विनंती अशी की मुलीच्या पुस्तकात आपल्याला कळणारे काही नाही असे समजू नये. तिच्याजवळ बसून, “विचारतात तरी काय?” एवढे विचारावे.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असेल, जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, तर सर्वांनी उदार मनाने क्षमा करावी. मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र.